माशेझीचं पांढरं

पांढऱ्याच्या दिवशी माशेझीच्या अंगणात अंगावर लाल घालून गेलात, तर औषध राहिलं बाजूला, आधी तुमची खरडपट्टी निघायची. एकदा शाळेचे मुख्याध्यापक आले होते. पोटाची जुनी तक्रार. तीन दिवस काळं घेऊन झालं होतं, तीन दिवस लाल घेऊन झालं होतं, सातव्या दिवशी सूर्य उगवताना पांढरं घ्यायचं, आणि साहेब लाल टाय लावून हजर, कारण तिथून परस्पर शाळेत जायचं होतं.

"काढा ते," माशेझी म्हणाली.

"गोगो, नुसता टाय आहे हो."

"नुसता आहे तर गळ्यात कशाला बांधलाय? सहा दिवस मी तुमच्या आतलं बाहेर काढतेय आणि तुम्ही परत लाल घेऊन दारात उभे!"

साहेबांनी टाय काढून खिशात घातला. तेवढ्यानं बाईंचं समाधान होईना. शेवटी तो कुंपणाच्या काट्यांवर टांगून ठेवावा लागला, आणि औषध पिऊन साहेब बाहेर येतात तो शेळीनं अर्धा खाल्ला होता. माशेझी म्हणाली, शेळीला जास्त कळतं.

अशी ही बाई. वय अडुसष्ट, गुडघे कामातून गेलेले, केसांच्या बटांत पांढरे मणी, कमरेला तपकिरीची डबी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. गोगो म्हणजे आजी, पण तिला ही पदवी बाविसाव्या वर्षीच मिळाली. पितरांनी बोलावलं, गुरुणीकडे दोन वर्षं राहून ती शिकली, आणि परत आली तेव्हा तिची सख्खी आईसुद्धा तिला 'गोगो' म्हणायला लागली. आमच्याकडे बरं करणाऱ्या माणसाला तसंच म्हणतात. आई म्हणायची, "गोगो, जरा नदीवरून पाणी घेऊन ये गं," आणि बावीस वर्षांची आजी मुकाट घागर उचलायची.

मसिंगाच्या डोंगरात तिच्या झोपडीत तीन मडकी आहेत. काळ्याचं, लालाचं आणि पांढऱ्याचं. काळं आणि लाल चुलीवर उकळायचं. पांढऱ्याला मात्र विस्तव दाखवायचा नाही; ते थंड पाण्यात काठीच्या रवीनं घुसळायचं, फेस मडक्याबाहेर येईपर्यंत. त्याची मुळं उगवतीचं पहिलं ऊन अंगावर घेतच खणायची. का, असं विचारलं की माशेझी आधी तपकीर ओढते, दोनदा शिंकते आणि मग सांगते.

"काळं म्हणजे रात्र. ज्याला जे लागलंय ते रात्रीतच बाहेर निघतं. लाल म्हणजे तांबडं फुटतं ना, ती वेळ. ना इकडची ना तिकडची. आणि पांढरं म्हणजे दिवस. माणसं उठतात, एकमेकांची तोंडं बघतात, जेवतात. मी कुणाला रात्रीत नेलं तर दिवसात आणून सोडायची जबाबदारी कुणाची? माझी!"

म्हणून काळ्यावर किंवा लालावर असलेल्या माणसानं वेगळ्या वाडग्यात जेवायचं, कुणाचा हात हातात घ्यायचा नाही, वाटेत माणूस दिसला की बाजूला व्हायचं, तान्ह्या बाळाला तर शिवायचंच नाही. आणि आमासी वर्ज्य. आमासी म्हणजे आमचं घट्ट विरजलेलं दूध. ते असं कुणीही कुणाकडेही बसून खायचं नसतं. आपल्या घरच्या माणसांतच खायचं. नवी सूनसुद्धा, घरचे शेळी कापून 'आता खा' म्हणेपर्यंत, सासरच्या आमासीला हात लावत नाही. हल्ली पोरं दुकानातून बाटली घेतात आणि रस्त्यानं पीत जातात. ते दिसलं की माशेझी डोळे मिटून घेते.

तर पांढरं न घेता उठून जाणं हे आमच्याकडे भयंकर. आणि माशेझीच्या हातून असा एक माणूस गेलेला होता, तोही कोण, तर तिचा नवरा.

फालाखे त्याचं नाव. जोबर्ग शहराच्या खाणीतून सुट्टीवर आला होता, छातीत काहीतरी बसलं होतं. बायकोनं काळं दिलं, लाल दिलं, आणि लालाच्या दुसऱ्याच दिवशी खाणीचा ट्रक माणसं न्यायला आला. फालाखे हसत ट्रकमध्ये चढला. म्हणाला, पांढरं पुढच्या सुट्टीत घेईन, विरजून ठेव. पुढची सुट्टी आली नाही. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. कुणी म्हणालं त्यानं तिकडेच दुसरं घर केलं, कुणी म्हणालं गेला. चौतीस वर्षं झाली. लिंदेनी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. आज तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं आहे. 'तुझा बाप लालावर गेला' एवढंच माशेझी तिला सांगते आणि विषय बदलते. पण त्यानंतर तिनं एकालाही पांढऱ्याशिवाय गावाबाहेर जाऊ दिलं नाही. कुणी परगावी निघणारा असला तर अक्षरशः फाटकाला पाठ लावून बसायची.

आणि तरीही झिबोनेले निसटला.

झिबोनेले झिम्बा हा टॅक्सीचा ड्रायव्हर, जोबर्ग ते आमच्या गावचा पूल या रस्त्यावर पंधरा माणसांची गाडी चालवणारा. हसतमुख पोरगा, गाडीतलं गाणं दोन डोंगर पलीकडे ऐकू जायचं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गाडीवर समोरून ट्रक आला. चूक त्याची नव्हती, पण मागच्या सीटवरची एक म्हातारी त्याच्याच हातात गेली. त्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या बायकोला मुलगी झाली. झिबोनेलेनं दारातूनच बाळ पाहिलं. अंगावर मरणाची सावली असताना तान्ह्या जिवाला कसं घ्यायचं? हात थरथरायचे, झोप नव्हती. त्याची आई मासितोले त्याला धरून माशेझीकडे घेऊन आली.

तीन दिवस काळं. पोरगं ओकून ओकून अर्धं झालं, पण चौथ्या दिवशी तीन तास झोपलं. लाल सुरू झालं. सहाव्या दिवशी फोन आला: मालक म्हणतोय, आज ये नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो. माशेझी लाकडं आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा चटईवर फक्त वाडगा होता.

लिंदेनीला वाटलं, आता शिव्या सुरू होतील. पण आईनं तो वाडगा उचलून धुवायला घेतला, आणि लिंदेनी घाबरली ती त्यामुळे.

दोन महिने झाले. मग मासितोले रडत आली. "गोगो, तो गाडी चालवत नाहीये. एक फेरी केली आणि किल्ली परत दिली. तिकडे जोबर्गच्या टॅक्सीतळावर गाड्या धुतोय. एकटाच बसून जेवतो म्हणे. मी म्हटलं घरी ये, तर म्हणतो, कसा येऊ, मी लालावर आहे. बाळ आता बघून हसायला लागलंय, आणि बापानं अजून हातात घेतलं नाही हो!"

"मग माझ्याकडे का येत नाही गाढव?"

"तुम्हाला घाबरतो."

"घाबरायलाच पाहिजे!" माशेझी गरजली. मग तिनं एक चिमूट तपकीर ओढली, शिंकली, आणि म्हणाली, "लिंदेनी, उद्या उगवतीला मुळं खणायची. मी जोबर्गला चालले."

"आई, तुला चुलीपासून फाटकापर्यंत जायला दोनदा बसावं लागतं!"

"टॅक्सीत बसूनच जायचं असतं."

दोन दिवसांनी पहाटे तिनं मडकं घुसळलं, फेस बाहेर आला, आणि औषध दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. मग खांद्यावर लाल-पांढरं-काळं कापड घेतलं, मणी सारखे केले, लिंदेनीला पाच गोष्टींवरून झापलं, बाटली उचलली आणि निघाली.

गाडीत शेजारच्या बाईनं मांडीवरच्या बाटलीकडे पाहून विचारलं, "काय गोगो, नातवाला आमासी वाटतं?"

"औषध आहे!" माशेझी असं कडाडली की ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज कमी केला. तो कमी झालाच आहे तर तिनं विचारून घेतलं, "किती वेळ लागतो रे जोबर्गला?"

"सहा तास, गोगो."

"सहा दिवस?"

"तास, तास! दुपारचं जेवण तिकडेच."

लेडीस्मिथ गेलं, हॅरिस्मिथ गेलं, सगळे उतरून वडे-कोंबडी खाऊन आले, ही आपली बाटली छातीशी धरून बाहेर बघत बसलेली. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारीला गाडी लागली असेल.

जोबर्गच्या तळावर शेकडो गाड्या, शेकडो हॉर्न. माशेझीनं एका हातात काठी आणि एका हातात बाटली घेऊन सरळ मधून चालायला सुरुवात केली. खांद्यावरचं कापड आणि केसांतले मणी बघून माणसं आपोआप बाजूला होत होती. गाड्या धुवायच्या जागी, भिंतीच्या आडोशाला, उपड्या क्रेटवर झिबोनेले बसला होता. मांडीवर स्वतःचा वाडगा. बाकीचे ड्रायव्हर पलीकडे घोळका करून एकाच थाळीतून जेवत होते, आणि हा इकडे एकटा. गालफडं बसली होती. पोरगं एवढं वाळलेलं पाहिलं, म्हणून माशेझी जास्तच ओरडली.

"काय रे ए पळपुट्या!"

वाडगा पडला. झिबोनेले उठला, परत खाली बसला, दोन्ही हात मागे घेतले. "गोगो! जवळ येऊ नका, मी लालावर आहे."

"मला सांगतोस? मीच ठेवलाय तुला तिथे."

"येणार होतो, गोगो, शपथ. पण येऊ कसा? इकडे आलो तेव्हा गाडीत शेजारणीच्या मांडीवर बाळ होतं. सहा तास मी खिडकीला चिकटून होतो, माझा श्वास त्याला लागू नये म्हणून. पुन्हा तसं माणसांत नाही बसवणार. गाडी चालवायला घेतली तर मागे पंधरा माणसं. ती म्हातारीच दिसायला लागली आरशात. पांढऱ्याशिवाय घरी येता येत नाही, आणि घरी आल्याशिवाय पांढरं कुठलं मिळणार?"

"इथे मिळणार," माशेझी म्हणाली. तिनं फडकं सोडून जमिनीवर पसरलं, त्यावर बाटली ठेवली, झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं.

आंबूस वास. तिनं परत वास घेतला. बोटावर थेंब घेऊन चाखला.

तेवढ्यात तिच्या कापडातला फोन वाजला. लिंदेनी होती, आवाज खोल गेलेला. "आई, त्या फळीवरच्या बाटलीतलं आमासी कशानं गं कडू झालं? सकाळी पेलाभर घेतलं आणि तेव्हापासून ओकतेय!"

माशेझीनं फोनकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. आमासीची बाटली! तीही फडक्यात गुंडाळून तिनंच तिथे ठेवली होती, माश्या बसू नयेत म्हणून. आणि निघताना उचललीही तिनंच. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या बाईनं.

"ओक," ती फोनमध्ये म्हणाली. "तुझी तेवढी सफाई झाली." आणि फोन ठेवला.

झिबोनेलेला कळलं होतं. "औषध नाहीये ना?"

"आमासी आहे."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "म्हणजे मी असाच. इथल्या पुलाखालच्या बाजारात मुळं मिळतात गोगो, तिथून..."

"ती मुळं कुणी खणली, केव्हा खणली, ऊन पाहिलंय का त्यांनी? पुलाखालच्या अंधारातलं पांढरं मी तुला देऊ?"

माशेझीला वाटत होतं, उठावं आणि परत जावं, नवी बाटली घेऊन परत यावं. पण गुडघे सांगत होते की ही फेरी दुसऱ्यांदा व्हायची नाही. आणि मधल्या चार दिवसांत हा पोरगा आणखी कुठे निघून गेला तर? माणूस एकदा हातातून जायला लागला की किती लांब जातो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिनं डबीतून तपकीर काढली, चिमूटभर जमिनीवर टाकली, आणि भर तळावर, हॉर्नच्या गदारोळात, पितरांशी बोलायला लागली. विनवणी वगैरे नाही, ती त्यांच्याशीही भांडल्यासारखीच बोलते.

"शेझींनो, माझ्या माहेरच्यांनो, उठा. फालाखेच्या घरच्यांनो, तुम्हीही उठा, तुम्ही माझे देणेकरी आहात. चूक माझी झालीय. बाटली मी उचलली, पोराचा दोष नाही. आता इथे पांढरं म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. हेही पांढरंच, ह्यालाही विस्तव लागलेला नाही, आणि तुमच्याच गाईचं आहे. हा झिबोनेले. झिम्बांचा आहे, मला माहीत आहे. आजपासून माझ्या घरी आमासी खाणारा. कुणाला काही म्हणायचं असेल तर मला स्वप्नात येऊन म्हणा, ह्याला नाही."

झिबोनेले मागे सरकला. "गोगो, असं चालत नाही. लालावर आमासी! आणि मी तुमच्या घरचा नाही."

"चमचा आहे का तुझ्याकडे?"

"आहे, पण..."

"आण."

तिनं त्याचा चमचा घेतला, त्याचाच खाली पडलेला वाडगा फडक्यानं पुसला, त्यात आमासी ओतलं. पहिला चमचा स्वतः खाल्ला. दुसरा भरून त्याच्यापुढे धरला. पलीकडच्या घोळक्यातले दोघं-तिघं उठून बघायला लागले होते.

"हे खाल्लंस की तू माझ्या घरचा," ती म्हणाली. "माझ्या घरचा माणूस लालावर राहिला, तर मी न्यायला येते. उशिरा का होईना, येते."

पोरानं तोंड उघडलं. एक चमचा तिनं, एक त्यानं, असा वाडगा संपला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आमासीत पडत होतं, आणि माशेझी म्हणत होती, "खारट करू नकोस, चांगलं दूध आहे." मग तिनं आपला हात पुढे केला. दोन महिन्यांत त्यानं कुणाचा हात हातात घेतला नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. पलीकडून एक दांडगा ड्रायव्हर आला, खाकरला आणि म्हणाला, "झिबो, तिकडे थाळीत अजून मांस आहे. येतोस की गोगोच भरवणार?"

दुसऱ्या दिवशी आमच्या पुलाची गाडी झिबोनेलेनं चालवली. मालकानं किल्ली दिली, कारण पुढच्या सीटवर माशेझी बसली होती आणि तिच्याशी वाद घालायची मालकाची टाप नव्हती. घाटाच्या तोंडाशी तिनं विचारलं, "पाय थरथरतोय का?"

"थरथरतोय, गोगो."

"थरथरू दे. ब्रेकवर आहे ना? मग झालं."

रात्रीचा मुक्काम तिच्याच अंगणात. उगवतीचं ऊन घेत तिनं नव्यानं मुळं खणली, नव्यानं घुसळलं आणि पांढऱ्याचं मडकं त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, "पण गोगो, मी तर काल..."

"काल तुला घरी आणलं. औषध राहिलंच होतं. पी."

सूर्य कड्याच्या वर आला तेव्हा त्याची बायको फाटकातून आत आली, मागे मासितोले. बायकोनं पाठीवरचं बाळ सोडलं आणि त्याच्या हातांत दिलं. झिबोनेलेचे हात थरथरले नाहीत असं मी म्हणणार नाही, चांगलेच थरथरत होते. बाळानं त्याच्याकडे टक लावून बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि त्याच्या शर्टावर भळकन दूध ओकलं.

"पांढरं!" माशेझी खूश होऊन ओरडली. "बघा, लेकीनंही दिलं!"

सगळी हसली, रडली, चहा झाला, माणसं डोंगर उतरून गेली. माशेझी चुलीपाशी येऊन बसली. लिंदेनी अजून जरा फिकट होती. ती मडकी विसळत होती, आणि आईनं अजून बाटलीच्या घोटाळ्यावरून आपल्यालाच कसं झापलं नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

"लिंदेनी."

"काय?"

"सहा तास लागतात गं जोबर्गला." माशेझी चुलीकडे बघत होती. "मला वाटायचं लांब असेल. चौतीस वर्षं मला वाटायचं किती लांब असेल ते. सहा तास फक्त."

"आई, तेव्हा रस्ता कुठे होता असा?"

"रस्ता होता," माशेझी म्हणाली.

लिंदेनीनं मडकं खाली ठेवलं. ती आत गेली, जोबर्गहून फळीवर परत आलेली आमासीची बाटली उघडून आधी नीट वास घेतला, वाडगा भरला, आणि आईला खेटून बसून पहिला चमचा तिच्या तोंडाशी धरला.